वरचं बेल्व्हेडेअर, व्हिएन्ना: टीना ब्लाऊंसाठी तिकीट काढा

या संग्रहालयाला मी पाचपैकी पाच देते, आणि ते मुख्यतः एका चित्रासाठी. टीना ब्लाऊ, ‘प्राटरमधला वसंत’, 1882. तैलरंग, 214 बाय 291 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने सात फूट बाय साडेनऊ फूट. व्हिएन्नाला येणाऱ्या मराठी मंडळींना इथे क्लिम्टचं ‘चुंबन’ आहे हे ठाऊक असतं. ते बघावंच, मीही बघितलं. पण तिकिटाचे पैसे वसूल झाले असं मनापासून वाटलं ते या बाईंच्या चित्रासमोर. आपल्याकडे त्यांचं नाव क्वचितच कानावर येतं याचं मला वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात नोकरी गेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुली बसवायच्या, सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्यावर निसर्गचित्रं करायला जायचं. लेक आणि जावई नोकरीनिमित्त व्हिएन्नात असतात, त्यामुळे इथे येणं होतं. तेव्हा हा अभिप्राय जागेवर बसून निसर्गचित्रं करणाऱ्या, शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे.

आधी सोयीचं बोलून घेऊ. वरचं आणि खालचं अशी बेल्व्हेडेअरची दोन घरं आहेत, त्यांची तिकिटं वेगळी. आपल्याला हवं ते वरचं. प्रवेशाची वेळ ठरवून तिकीट घ्यायचं असतं, ते घरूनच ऑनलाइन काढा. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे, त्यामुळे नातवंडं बरोबर असतील तर जरूर न्या. ज्येष्ठांना सवलत मिळते, वयाचा पुरावा जवळ ठेवा. फोटो काढता येतात, फ्लॅश मारायचा नाही. राजवाड्यापुढची बाग सगळ्यांना खुली आहे, तिला तिकीट लागत नाही. राजवाडा सेनापती प्रिन्स ऑयगेनचा, हिल्डेब्रांट या वास्तुकाराने बांधलेला, 1723 मध्ये पूर्ण झालेला. दुसऱ्या महायुद्धानंतर चार राष्ट्रांच्या ताब्यात असलेल्या ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणारा करार 15 मे 1955 रोजी इथल्याच संगमरवरी दालनात झाला. ते दालन बघा, छताकडे मान वर करून बघा, आणि पुढे चला.

टीनाबाईंचं चित्र बघण्याआधी त्यांच्याभोवतीची चित्रं बघावीत असा माझा आग्रह आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन निसर्गचित्रणाचा एवढा चांगला संग्रह एका छपराखाली आहे, त्याचा फायदा घ्यावा. चित्रांच्या जागा अधूनमधून बदलतात, म्हणून दाराशीच विचारून घ्यायचं.

पहिले वाल्डम्युलर. फेर्डिनांड गेओर्ग वाल्डम्युलर, जन्म 1793, मृत्यू 1865. यांचं 1849 चं मोठं प्राटरचित्र याच संग्रहात आहे. प्राटर म्हणजे डॅन्यूबच्या काठचं व्हिएन्नाचं जुनं रान. एके काळी ती राजघराण्याची शिकारीची जागा होती, सम्राट दुसऱ्या योजेफने 1766 मध्ये ती सामान्य लोकांना खुली केली. वाल्डम्युलरांच्या चित्रातली झाडं बघताना थक्क व्हायला होतं. प्रत्येक फांदी, सालीची प्रत्येक भेग लख्ख उन्हात मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. ‘निसर्गासमोर बसून शिका, जुन्या चित्रांच्या नकला करून काही येत नाही’ हे ते अकादमीत प्राध्यापक असताना उघडपणे मांडत राहिले, आणि त्यापायी 1857 मध्ये त्यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. शिक्षक म्हणून मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

मग माकार्ट. हान्स माकार्ट हे 1870 च्या दशकातल्या व्हिएन्नाचे राजे होते म्हटलं तरी चालेल. प्रचंड आकाराची ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रं, मखमल, सोनं, तपकिरी सावल्या, लालभडक छटा. 1879 मध्ये सम्राटाच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा रिंगरस्त्यावरची भव्य मिरवणूक यांनीच रचली होती. बेल्व्हेडेअरमध्ये त्यांची ‘पंचेंद्रियं’ नावाची पाच उभी चित्रं आहेत. ती नीट बघून घ्या, डोळ्याला तो गडद रंग सवयीचा होऊ द्या. त्या काळचा व्हिएन्नाचा रसिक चित्र म्हटलं की हा रंग अपेक्षित धरायचा.

आणि आता टीनाबाईंकडे या.

मोकळं गवत, उंच झाडं, त्यांना नुकती फुटलेली पालवी, फिरायला आलेल्या बायका आणि मुलं, आणि वर उजळ ढगांचं भलंमोठं आकाश. विषय म्हणाल तर एवढाच. त्यात राजा नाही, देव नाही, लढाई नाही, एखादा प्रसिद्ध डोंगर किंवा किल्लाही नाही. शहरातली माणसं एका बऱ्या दिवशी आपल्याच बागेत आली आहेत. पण आकार बघा. त्या काळी सात फूट बाय साडेनऊ फुटांचं कापड लोक राज्याभिषेकासाठी आणि युद्धासाठी ताणायचे. बाईंनी ते पालवीसाठी ताणलं. हे धाडस आधी ध्यानात घ्या, मग जवळ जा.

जवळ गेल्यावर आमच्या कामाच्या गोष्टी दिसायला लागतात. पालवीचा हिरवा एक नाही. कुठे पिवळसर, कुठे राखाडीकडे झुकलेला, कुठे इतका फिका की आकाशाशी त्याचा टोन जवळजवळ जुळतो. मुलींना शिकवताना माझा निम्मा जीव ट्यूबमधल्या सॅप ग्रीनपायी जायचा. झाड म्हटलं की मुली ट्यूब पिळायच्या आणि कागदावर थेट तोच हिरवा फासायच्या. कितीही सांगा, ‘अगं, झाड हिरवं असतं हे आधी डोक्यातून काढ आणि समोर बघ.’ इथे उभी राहिले तेव्हा वाटलं, सगळ्या वर्गाला विमानात घालून आणावं आणि अर्धा तास या एका कोपऱ्यासमोर उभं करावं. लांबची माणसं तर ब्रशचे चार फटकारे आहेत. एक टिंब डोक्याचं, एक तिरका फटकारा अंगाचा, आणि तरीही ती बाई चालते आहे, थांबलेली नाही, हे कळतं. मागे सरका, आणखी मागे सरका. एका टप्प्यावर फटकारे दिसेनासे होतात आणि हवा दिसायला लागते. वसंतातली ओलसर, थंड, उजळ हवा. तो टप्पा मला चित्रापासून पाच-सहा पावलांवर सापडला. तिथे जागा मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

या उजेडानेच चित्र अडचणीत आणलं होतं. 1882 मध्ये व्हिएन्नाच्या क्युन्स्टलरहाउसमध्ये मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. टीनाबाईंचं हे चित्र फार उजळ आहे, ते शेजारच्या चित्रांत बसणार नाही, म्हणून निवड करणाऱ्यांपैकी काहींना ते नको होतं. त्याच्या बाजूने उभे राहिले ते माकार्ट. मघाशी ज्यांची गडद चित्रं बघितलीत तेच. स्वतःच्या वाटेच्या अगदी उलट दिशेने चाललेल्या चित्रासाठी त्यांनी शब्द टाकला, ही त्यांची मोठी गोष्ट आहे. चित्र लागलं. फ्रान्सचे कलामंत्री राहिलेले आंतोनँ प्रूस्त, जे फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचे जुने मित्र होते, त्यांनी ते बघितलं आणि पॅरिसच्या सलोंला, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनाला, पाठवा म्हणून आग्रह धरला. 1883 च्या सलोंमध्ये ते झळकलं आणि त्याला सन्माननीय उल्लेख मिळाला. व्हिएन्नात ज्या उजेडावर आक्षेप होता, तो पॅरिसच्या लोकांना ओळखीचा होता, कारण तिथे इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे उघड्यावरचा बदलता उजेड रंगवणाऱ्या चित्रकारांची, प्रदर्शनं 1874 पासून चालू होती.

बाईंचं आयुष्य थोडं सांगते, कारण ते माहीत असलं की चित्र अधिक भिडतं. जन्म 15 नोव्हेंबर 1845, व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबात. वडील सैन्यात डॉक्टर. मुलीचा हात चांगला आहे हे त्यांनी ओळखलं आणि तिला शिकू दिलं. हे वाचायला सोपं वाटतं, पण त्या काळी व्हिएन्नाच्या कला अकादमीचे दरवाजे मुलींना बंद होते. म्हणजे शिकायचं तर खासगी शिकवणी लावायची, आणि तीही परवडली तर. निसर्गचित्रकार आउगुस्ट शेफर यांच्याकडे त्या शिकल्या. 1869 पासून काही वर्षं म्युनिकला विल्हेल्म लिंडेनश्मिट यांच्याकडे काढली. त्याच 1869 साली म्युनिकला भरलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात कोरो, कुर्बे अशा फ्रेंच मंडळींची कामं आली होती. युरोपातल्या निसर्गचित्रणाचं वारं तिथून फिरत होतं.

परत आल्यावर त्यांची गाठ पडली एमिल याकोब शिंडलर यांच्याशी. हे नाव तुम्हाला बेल्व्हेडेअरच्या भिंतींवर बरेचदा दिसेल, आणि दिसायलाच हवं, कारण शिंडलर फार हळव्या डोळ्याचे चित्रकार होते. त्यांचं डॅन्यूबवरच्या आगबोटीच्या धक्क्याचं चित्र चुकवू नका. कायझरम्यूलेनच्या समोरच्या काठावरचं ते दृश्य 1870 च्या दशकाच्या अगदी सुरुवातीचं आहे. नदीचं पात्र सरळ करण्याचं प्रचंड काम तेव्हा चालू होतं. आज त्याच कायझरम्यूलेनमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथे नोकरीला जाणारी आपली माणसंही आहेत. त्यांनी तरी हे चित्र एकदा बघावं. शिंडलरांची थोरली लेक आल्मा, जिने पुढे संगीतकार माहलरशी लग्न केलं. कार्ल मोल, मारी एग्नर, ओल्गा विसिंगर-फ्लोरिआन हे त्यांचे शिष्य. विसिंगर-फ्लोरिआनबाईंची खसखशीच्या फुलांनी पेटलेली शेतंही याच संग्रहात आहेत, त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

टीनाबाई आणि शिंडलर यांनी काही काळ प्राटरमध्ये एकत्र स्टुडिओ वापरला. हंगेरीत, हॉलंडमध्ये चित्रं करायला बरोबर गेले. मग बिनसलं. आणि मग तेच झालं जे बायकांच्या बाबतीत होत आलं आहे: लिहिणाऱ्यांनी टीनाबाईंना शिंडलरांची विद्यार्थिनी करून टाकलं. त्यांनी स्वतः हे कधी मान्य केलं नाही. आम्ही बरोबरीने काम करत होतो, मी त्यांची शिष्या नव्हते, हे त्या ठासून सांगत राहिल्या. माझं मत विचाराल तर चित्रंच साक्ष देतात. शिंडलरांचा निसर्ग धुक्याकडे, संध्याकाळकडे, उदासीकडे जातो. त्यांचं ‘पॅक्स’ हे डोंगराखालच्या दफनभूमीचं मोठं चित्र 1891 चं, मृत्यूच्या आदल्या वर्षीचं. बघताना छातीवर वजन येतं. टीनाबाईंच्या चित्रात दार उघडल्यासारखा उजेड येतो. दोघांनी एकाच रानात, एकाच काळात काम केलं, आणि तरी दोघांचे डोळे पूर्ण वेगळे राहिले. गुरूची नक्कल करणाऱ्या शिष्येला हे जमत नाही, हे मी इतकी वर्षं वह्या तपासून ठामपणे सांगू शकते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्यांच्या गाडीची. उघड्यावर चित्र काढायचं तर सामान किती लागतं ते करणाऱ्यालाच माहीत: ईझल, कापड, रंगपेटी, तेल, टर्पेंटाइन, चिंध्या, बसायला घडीचं स्टूल. त्यात त्या काळचे पायघोळ झगे. टीनाबाईंनी लहान मुलांची ढकलगाडी घेतली, तिच्यात सगळं सामान भरलं आणि ती ढकलत प्राटरभर फिरल्या. रंग पत्र्याच्या ट्यूबमध्ये मिळायला लागून तेव्हा काही दशकंच झाली होती. 1841 मध्ये अशा ट्यूबचं पेटंट निघालं नसतं तर तैलरंग घेऊन रानात जाणं इतकं सुटसुटीत झालं नसतं. साडेनऊ फुटांचं कापड गाडीत मावणार नाही हे उघड आहे. पण बाहेर, जागेवर, वर्षानुवर्षं केलेली छोटी कामं हातात मुरलेली असल्याशिवाय मोठ्या कापडावर इतकी ताजी हवा येत नाही. आमच्या कोल्हापुरात त्याच काळात आबालाल रहमान कोटितीर्थाच्या परिसरात भटकून तिथलं पाणी आणि झाडं रंगवत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचा प्रश्नच नव्हता. पण एकाच जागेकडे पुन्हा पुन्हा जाण्याची ती चिकाटी मला दोघांत दिसते, आणि ती दिसली की ऊर भरून येतो.

1883 मध्ये त्यांनी प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि घोड्यांची, लढायांची चित्रं काढणारे हाइनरिश लांग यांच्याशी लग्न केलं. संसार म्युनिकला. तिथल्या महिला कलावंतांच्या संस्थेच्या शाळेत 1889 पासून त्या निसर्गचित्रण आणि स्थिरचित्रण शिकवायला लागल्या. 1891 मध्ये नवरा गेला. काही वर्षांनी त्या व्हिएन्नाला परतल्या आणि पुन्हा प्राटरमध्येच स्टुडिओ थाटला, 1873 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या रोटुंडेच्या वास्तूत. ती अवाढव्य घुमटाची इमारत 1937 मध्ये जळाली, आता तिथे प्रदर्शनकेंद्र आहे.

आणि 1897. या सालासाठी मी त्यांच्यापुढे हात जोडते. ओल्गा प्रागर, लेखिका रोझा मायरेडर, कार्ल फेडर्न आणि टीना ब्लाऊ यांनी मिळून व्हिएन्नात बायका आणि मुलींसाठी कलाशाळा काढली. स्वतःला ज्या दारातून आत घेतलं नाही, त्या दारावर आयुष्यभर डोकं आपटत बसण्यापेक्षा त्यांनी दुसरं दार बांधलं. तिथे त्या 1915 पर्यंत, म्हणजे सत्तरीला टेकेपर्यंत शिकवत राहिल्या. 31 ऑक्टोबर 1916 रोजी त्या गेल्या. व्हिएन्नाच्या अकादमीने मुलींना प्रवेश दिला तो 1920 मध्ये. चार वर्षांनी. मी हे साल वाचलं तेव्हा मला आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली आठवल्या, ज्यांचा हात सोन्यासारखा होता आणि ज्यांना दहावीनंतर ‘चित्रकलेत काय ठेवलंय’ म्हणून दुसरीकडे वळवलं गेलं. ज्या पालकांच्या हातात आज असा निर्णय आहे, त्यांनी त्या डॉक्टर वडिलांचा विचार करावा.

आता छापील प्रतीबद्दल एक सावधगिरीची सूचना, कारण बघून आल्यावर हे चित्र घरात असावं असं वाटणार आहे. लेकीने मला एका ऑनलाइन दुकानातून कॅनव्हासवर छापलेली प्रत मागवून दिली. नाव घेत नाही, पण अशी दुकानं भरपूर आहेत आणि बहुतेकांचे ठरलेले आकार असतात. आमची प्रत 24 बाय 36 इंची आली. मूळ चित्राचं प्रमाण लावलं तर 36 इंच रुंदीला साडेसव्वीस इंच उंची हवी. म्हणजे वरचे अडीच इंच त्यांनी सरळ कापले, आणि वर काय आहे? आकाश! ज्या उजेडासाठी या चित्राचा एवढा झगडा झाला, तोच कापलेला. वरून चकचकीत वॉर्निश, आणि रंग असे की चित्र चहाच्या पाण्यात बुडवून काढलं असावं. पालवीचे वेगवेगळे हिरवे एकच झाले होते. परत पाठवली.

त्यापेक्षा असं करा. बेल्व्हेडेअरने आपला संग्रह ऑनलाइन ठेवलेला आहे आणि जुन्या चित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा तिथून मोफत उतरवून घेता येतात. ही सोय फार मोलाची आहे, शाळांनी तर हिचा फायदा घ्यायलाच हवा. ती प्रतिमा पेनड्राइव्हवर घेऊन आपल्या गावातल्या चांगल्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे जा. 24 इंच उंची ठेवली तर रुंदी साडेबत्तीस इंचांच्या थोडी वर येईल, तेवढीच ठेवा, एक इंचही कापू देऊ नका. मॅट कागद घ्या. लॅमिनेशन नको. आधी एका कोपऱ्याचा छोटा नमुना काढून तो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली हिरव्याचा भरवसा धरता येत नाही. काच लावणार असाल तर चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका, प्रतिबिंबात सगळं आकाश जाईल. एवढं करूनही मूळ चित्रासमोरचा अनुभव मिळणार नाही, कारण आकारच मिळणार नाही. मूळ चित्रात जमिनीची रेघ अशी आहे की उभ्या माणसाला आपण त्या गवतात पाऊल टाकू असं वाटतं. म्हणूनच सांगते, जमेल तेव्हा प्रत्यक्ष या.

थोडं गर्दीबद्दल. ‘चुंबना’ची खोली कायम भरलेली असते, जगभरातून लोक त्याच्यासाठी येतात, ते साहजिक आहे. सकाळची पहिली वेळ घेतलीत आणि आधी निसर्गचित्रांकडे गेलात तर तिथे निवांतपणा मिळतो. क्लिम्ट नंतर बघा. आणि बघताना त्यांच्या निसर्गचित्रांकडे मुद्दाम जा, 1907 चं खसखशीच्या कुरणाचं चौकोनी चित्र इथेच आहे. वाल्डम्युलर, शिंडलर, टीनाबाई आणि मग हे कुरण, असा क्रम लावून बघितलं की साठ वर्षांत ऑस्ट्रियन चित्रकाराची नजर कुठून कुठे गेली ते कुणी न समजावता समजतं. पहिल्या चित्रात झाडाचं पान मोजता येतं, शेवटच्या चित्रात सगळं रान रंगाच्या ठिपक्यांची विणलेली चादर झालेलं असतं. मधला पूल टीनाबाईंच्या पिढीने बांधला.

संग्रहालयातून निघालात की थेट प्राटरला जा, हा माझा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. ‘क्वार्टियर बेल्व्हेडेअर’ थांब्यावर ‘ओ’ ट्राम मिळते, ती न बदलता प्राटरश्टेर्नला सोडते. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पाळणे आणि आकाशचक्र दिसेल. ते चक्र 1897 चं, टीनाबाईंच्या शाळेच्याच वर्षाचं. मुलं बरोबर असतील तर एक फेरी होऊन जाऊ द्या. पण तिथेच अडकू नका, हाउप्टआले नावाच्या सरळ रस्त्याला लागा. चार किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं, गाड्यांना बंदी. धावपटू एलिउड किपचोगे 2019 मध्ये दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर धावला तो याच रस्त्यावर, त्यामुळे पळणारे लोक इथे श्रद्धेने येतात. क्रीआउच्या बाजूला वळलात की मोकळं गवत लागतं आणि गजबज मागे पडते.

एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेची सुरुवात हा काळ उत्तम. जलरंगवाल्यांनी लक्षात ठेवा, इथल्या थंड ओलसर हवेत वॉश वाळायला आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. घाईने दुसरा थर दिलात तर चिखल होतो, म्हणून दोन बोर्ड न्या आणि आलटून पालटून काम करा. कागद निदान 300 जीएसएमचा हवा. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घ्या, जाड मोजे घाला, खाली टाकायला प्लास्टिक घ्या, गवत दुपारपर्यंत ओलं असतं. हिरव्याची ट्यूब घरी ठेवा. पिवळा, निळा आणि थोडा लालसर तपकिरी एवढं पुरतं, त्यातूनच समोरचे सगळे हिरवे निघतात.